उडत्या माशाचं नाणं

चिल्लरसाहेबांच्या घरात नाणं हातात घ्यायचे नियम होते. आधी हात साबणाने धुवायचे, मग कोरडे पुसायचे, मग जेवणाच्या टेबलावर जाड टॉवेलाची घडी पसरायची आणि त्यानंतरच दोन बोटांनी, कडेला धरून, नाणं उचलायचं. नाण्याच्या तोंडावर अंगठा ठेवायचा नाही. नाण्याकडे तोंड करून बोलायचंही नाही, थुंकी उडते. बायको म्हणायची, एवढी निगा माझ्या गुडघ्यांची राखली असती तर ते अजून कोरे असते. चिल्लरसाहेब यावर हसायचे, पण टॉवेल पसरूनच.

'साहेब' हे नुसतं नावापुरतं. टेलिफोन कचेरीने त्यांना कधी साहेब केलं नव्हतं. रस्त्यावरच्या सार्वजनिक फोनमधले पैशांचे डबे काढायचे, रिकामे बसवायचे, भरलेले गाडीत घालून कचेरीत आणायचे, हे त्यांचं काम. कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा की ते येतायत हे त्यांच्या आधी किल्ल्याच सांगायच्या. गाडीच्या ड्रायव्हरने त्यांना पहिल्याच वर्षी चिल्लरसाहेब म्हटलं आणि ते नाव निवृत्तीच्या निरोपपत्रावरसुद्धा कुणीतरी पेनने कंसात लिहिलं.

आता फोनच्या डब्यात सगळेच काही खरं नाणं टाकत नाहीत. लोक वॉशर टाकत, कोटाची बटणं टाकत, आणि परदेशातली नाणी तर पुष्कळ टाकत. मोजायचं यंत्र ती बाहेर फेकायचं. फेकलेली नाणी टेबलाखालच्या रंगाच्या रिकाम्या डब्यात साठायची आणि वर्षाअखेरीस भंगारात जायची. चिल्लरसाहेबांनी रीतसर अर्ज केला की हे भंगार मला मिळावं. अधिकाऱ्याने माणूस जरा सरकलेला दिसतो असं मनात म्हणून सही केली. त्या अर्जाची प्रत अजून त्यांच्या कपाटात आहे.

नाणं कुठल्या देशाचं याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. ते कुठल्या बूथमधलं, हे महत्त्वाचं. प्रत्येक नाण्याबरोबर एक कागदाची चिठ्ठी: 'रुग्णालयासमोर, मंगळवार.' 'बंदर, मोठी बोट लागली होती.' 'न्यायालयाच्या मागचा.' रुग्णालयासमोरच्या बूथमध्ये सगळ्यात जास्त खोटी नाणी निघत. ड्रायव्हर म्हणायचा, बघा, आजाऱ्यांचे नातेवाईकही चोर. चिल्लरसाहेबांना ते कधी पटलं नाही. घाईत माणूस खिशात हाताला लागेल ते टाकतो, असं ते म्हणायचे. परक्या माणसांची बाजू घ्यायला ते नेहमी एका पायावर तयार असत. घरातल्यांची गोष्ट वेगळी, आणि आपल्याला तीच सांगायची आहे.

सुरुवातीला नाणी काड्यापेट्यांत असायची. चारशेच्या वर काड्यापेट्या, सगळ्या खणांत. बायको गॅस पेटवायला पेटी उघडायची आणि हाताला भलताच देश लागायचा. शेवटी तिने निर्वाणीचं सांगितलं तेव्हा चिल्लरसाहेबांनी सात अल्बम आणले. निळी कव्हरं आणि आत पारदर्शक कप्प्यांची पानं. दुकानात कडक पानांचेही अल्बम होते, पण यांनी पान गालाला लावून पाहिलं आणि मऊ पसंत केलं. मऊ पानात नाण्याला ओरखडा येणार नाही, असा त्यांचा विचार. नव्या प्लॅस्टिकचा वास आठवडाभर घरात होता आणि शेजारचे मुद्दाम येऊन तो वास घेऊन गेले.

लेक तेव्हा नऊ वर्षांची. सुट्टीच्या दिवशी ती चिठ्ठ्या वाचायची आणि बाबा नाणी कप्प्यात सरकवायचे. तिचं आवडतं नाणं बंदराच्या बूथमधलं, लालसर तांब्याचं, जवळजवळ नवंकोरं. त्यावर पंख पसरलेला एक उडता मासा होता. ते नाणं किती जणांनी हाताळलं असेल, ते टाकणारा खलाशी कुणाला फोन करत असेल, त्याला पलीकडून उत्तर मिळालं असेल का, असे तिचे प्रश्न संपत नसत. बाबा उत्तरं रचून द्यायचे. ती दोन वर्षं त्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते, असं चिल्लरसाहेबांना पुढे वाटायचं. पण बोलायचे नाहीत.

मग एका दुपारी त्यांनी तिसरा अल्बम उघडला आणि त्यांचा चेहरा उतरला. तांब्याच्या नाण्यांवर हिरवे डाग होते. हात लावला तर चिकट. चौथ्यात तेच, पाचव्यात तेच. त्यांनी मान वर केली तर लेक खिडकीशी बसून गृहपाठ करत होती आणि तिची डावी मूठ घट्ट मिटलेली होती. त्यांनी मूठ उघडायला लावली. आत उडता मासा.

झालं. चिल्लरसाहेबांनी शहानिशा केली नाही. दोन गोष्टी एकाच दिवशी दिसल्या, त्यांनी त्यांची गाठ मारली आणि निकाल देऊन टाकला. "तुझ्या घामट हातांनी माझ्या नाण्यांची वाट लावलीस. आजपासून टेबलाजवळ यायचं नाही."

ती म्हणाली की मी हे एकच घेतलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. ती रडली नाही, न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. चिल्लरसाहेबांनी ते नाणं एका जुन्या काड्यापेटीत घातलं, सवयीप्रमाणे चिठ्ठी लिहून वर ठेवली, आणि पेटी खणाच्या तळाशी टाकून दिली.

'घामट' हे नाव मात्र घरात राहिलं. आत्याने ते उचललं, मामेभावंडांनी उचललं. चिल्लरसाहेब स्वतः पाहुण्यांना ही गोष्ट रंगवून सांगायचे, अगदी मूठ उघडायचा अभिनय करून, आणि पाहुणे पोट धरून हसायचे. लेक तेवढ्यात चहाचे कप उचलून आत जायची. आता ती सदतीस वर्षांची आहे, चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांच्या नाकाकानावर चष्मे बसवते. दर गिऱ्हाइकाआधी ती रुमालाने तळहात पुसते. कुणाचं बाळ घ्यायच्या आधी पुसते, हात मिळवायच्या आधी पुसते. लोकांना वाटतं, किती स्वच्छ बाई.

आणि हिरवं काही थांबलं नाही. लेकीने सव्वीस वर्षं अल्बमला बोट लावलं नाही, तरी दर वर्षी दहावीस नाणी हिरवी होत गेली. दुसरा माणूस इथे विचारात पडला असता. चिल्लरसाहेब पडले नाहीत. एकदा लागलेली कीड पसरतच जाते, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी त्यांनी संग्रह भाच्याला द्यायचं ठरवलं. भाच्याला आवड होती, त्याच्याकडे पांढरे हातमोजेही होते. लेकीला या गोष्टीत रस नाही, असं ते सगळ्यांना सांगत, आणि सांगताना त्यांना खरंच वाईट वाटे. पण देण्याआधी नाणी नीट, नव्या अल्बममध्ये लावून द्यायची होती. सात जुने अल्बम म्हणजे दोन पिशव्या भरून ओझं. लेकीने अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि पिशव्या उचलल्या. निघताना चिल्लरसाहेबांनी खणाच्या तळाची ती काड्यापेटीही न उघडताच खिशात टाकली. सगळ्यात खराब नाणं दुकानदाराला दाखवावं, म्हणजे त्याला रोगाची कल्पना येईल, असा त्यांचा बेत.

दुकान अरुंद होतं, दोन्ही भिंतींना छतापर्यंत खण. दुकानदार किडकिडीत, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. चिल्लरसाहेबांनी लेकीच्या लग्नाच्या वेळी जावयाला विचारले नव्हते एवढे प्रश्न त्याला विचारले. लाकडी खणांचं कपाट कसं? दुकानदार म्हणाला, दिसायला देखणं, पण नव्या लाकडाच्या आणि पॉलिशच्या वाफेने धातू काळवंडतो. मधे पारदर्शक खिडकी असलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी? त्या चांगल्या, पण स्टेपलरची पिन पक्कडीने चपटी करायची, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडते. मग कडक प्लॅस्टिकच्या गोल डब्या? त्या उत्तम, एका नाण्याला एक, पण महाग. चिल्लरसाहेबांचं घोडं एकाच ठिकाणी अडलेलं होतं. ते म्हणाले, ते सगळं राहू द्या, हिरवं कशात येणार नाही ते सांगा.

दुकानदाराने जुना अल्बम मागितला. उघडून आधी नाणी पाहिलीच नाहीत, पान नाकाशी नेलं.

"हे मऊ प्लॅस्टिक आहे, साहेब," तो म्हणाला. "पान मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते वर्षा-दोन वर्षांत बाहेर यायला लागतं. तेच तांब्याला लागतं आणि हिरवं होतं. घाम या पानांना सुटलाय."

चिल्लरसाहेब समजूत घातल्यासारखं हसले. तसं नाही, म्हणाले, आमच्याकडे कारण वेगळं आहे, लहान मुलीचे हात लागले होते. लेक मागे पिशव्यांशी उभी होती. दुकानदार म्हणाला, हाताने डाग पडतो, पण असा नाही पडत. पण चिल्लरसाहेबांना स्वतःचा मुद्दा शाबीत करायचा होता. हाच तर पुरावा, म्हणत त्यांनी खिशातून काड्यापेटी काढली, काउंटरवरच्या मऊ कापडावर ठेवली आणि उघडली. चिठ्ठी बाजूला पडली आणि नाणं बाहेर आलं.

नाण्यावर हिरव्याचा ठिपकासुद्धा नव्हता. लालसर तांबं थोडं गडद झालं होतं, एवढंच. माशाचा पंख न पंख जागेवर होता. दुकानदाराने भिंग लावलं, नाणं दिव्याखाली कलतं केलं आणि चिल्लरसाहेबांना जवळ बोलावलं. माशाच्या पोटावर एक तपकिरी ठसा होता, बारीक रेघांचा, लहान मुलाच्या अंगठ्याएवढा.

"हा हाताचा डाग. असा असतो," दुकानदार म्हणाला. "हे अल्बममध्ये फार दिवस नव्हतं ना? म्हणून वाचलं."

लेक पुढे आली होती. तिने चिठ्ठी उचलली. बाबांचं अक्षर, वर त्या दिवसाची तारीख, आणि खाली: 'मुलीने हाताळून खराब केलेले.' तिने ती दोनदा वाचली आणि घडी घालून काउंटरवर ठेवली.

"मी हे एकच घेतलं होतं, बाबा," ती म्हणाली. "तेव्हाही सांगितलं होतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि चोर कुणी आणला होता, तर स्वतः चिल्लरसाहेबांनी, गालाला लावून पसंत करून. त्यांना लाज वाटली. दुकानदाराने स्टूल पुढे केलं आणि पाणी आणतो म्हणून शहाण्या माणसासारखा आत निघून गेला. चिल्लरसाहेबांना तो मूठ उघडायचा अभिनय आठवला. तो किती वेळा केला असेल, आणि दर वेळी कप उचलून आत कोण गेलं असेल, हे एकामागून एक आठवत गेलं. फोनमध्ये खोटं नाणं टाकणाऱ्या अनोळखी माणसाला आपण जेवढा संशयाचा फायदा दिला, तेवढा पोटच्या पोरीला दिला नाही, हे त्यांना तिथे स्टुलावर बसल्या बसल्या स्वच्छ दिसलं.

दुकानदार पाणी घेऊन आला आणि कामाचं बोलला. हिरवं बरंचसं निघेल, धुवायचं एक द्रव आहे, त्यात बुडवून ठेवू, घासायचं मात्र नाही. पुठ्ठ्याच्या चौकटी आणि कडक पानं घ्या, ती घामेजत नाहीत. ठसा मात्र जाणार नाही. तो धातूत उतरलाय, घासला तर मासा जाईल. चिल्लरसाहेबांनी मान हलवली, चारशे चौकटी सांगितल्या, आणि मग एक गोल डबी मागितली. सगळ्यात चांगली, या नाण्याच्या मापाची, एकच.

मग ते लेकीकडे वळले. "चूक माझी होती," ते म्हणाले. "तुझी काहीच नव्हती. आणि मी सव्वीस वर्षं त्यावर लोकांना हसवलं."

त्यांनी चाचरत विचारलं की संग्रह तू घेशील का, भाच्याला मी समजावीन. तिने नाही म्हटलं. रागाने नाही, विचार करून. त्याला आवड आहे, त्यालाच द्या, म्हणाली, मला आता ती आवड कुठून आणू? चिल्लरसाहेबांना ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मग ती म्हणाली, हे एक मात्र मी ठेवते.

दुकानदाराने डबीचे दोन भाग उघडून कापडावर ठेवले आणि शेजारी हातमोज्यांचा जोड ठेवला. चिल्लरसाहेबांनी तो जोड बाजूला सारला. लेकीचा हात नेहमीप्रमाणे पर्समध्ये गेला आणि रुमाल बाहेर आला.

"राहू दे," ते म्हणाले. "हात पुसू नकोस."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग रुमाल तिने परत पर्समध्ये ठेवला आणि नाणं उचललं. कडेने नाही, सरळ मधोमध, त्या इवल्या ठशावर आपला मोठा अंगठा ठेवून. डबीत घालायच्या आधी तिने ते बराच वेळ तसंच मुठीत धरलं, आणि चिल्लरसाहेबांनी तिला धरू दिलं.