शेपटी चुकीच्या जागी बसली

जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या आठवड्यात कुणी फारसं बोलत नव्हतं. शनिवारी बैठक होती आणि आमचं काम तिथे बंद होणार, हे सगळ्यांनी मनोमन धरलं होतं.

काम मधुमेहाच्या औषधाचं होतं. माणूस जेवला की आतडं रक्तात एक संप्रेरक सोडतं. पेशींवर त्याला ओळखणाऱ्या जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात. संप्रेरक तिथे बसलं की साखर आवरली जाते, भूकही शमते. पण ते रक्तात काही मिनिटांतच तुटतं. आम्हाला तसाच, पण टिकणारा रेणू बनवायचा होता. त्यासाठी मी त्याला चरबीची लांब शेपटी जोडत होते. शेपटीमुळे रेणू टिकायचा खरा, पण मग ग्राही त्याला ओळखायचेच नाहीत. जागा बदलून पाहिली, लांबी बदलून पाहिली. काही उपयोग झाला नाही.

बुधवारी रेणू शुद्ध करताना नेहमीसारखाच मुख्य मालामागून थोडासा दुसरा माल आला. त्यात शेपटी भलत्याच जागी चिकटलेली असायची. तो आम्ही दर वेळी टाकून देत होतो. त्या दिवशी माझा हात थांबला. मी आमच्या प्रमुखांकडे, सरांकडे गेले.

"सर, हा एकदा पेशींवर बघू?"

"अहो, ती अशुद्धी आहे."

"आहे सर. पण आपण ती कधी तपासलीच नाही."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बघा. नाहीतरी आता गमावण्यासारखं काय उरलंय!"

पेशी वाढवण्याचं काम एका ताईंकडे होतं. ग्राही जागे झाले की त्यांच्या पेशी चमकतात आणि यंत्र तो उजेड मोजतं. गुरुवारी दुपारी मी डबा उघडत होते, तेवढ्यात आतून त्यांची हाक आली, "अगं, पळत ये!"

पडद्यावरची रेघ सरळ वर चढली होती. माझा विश्वासच बसेना. ताईंनी नव्या पेशी घेऊन पुन्हा केलं. रेघ पुन्हा तशीच चढली. मग तोच रेणू आम्ही रक्तद्रवात ठेवला. सकाळी पाहिलं तर तो शाबूत होता!

शनिवारी काम बंद झालं नाही. पुढे काही आठवड्यांनी उंदरांना साखरेचं पाणी पाजून पाहिलं. ज्यांना आमचा रेणू दिला होता, त्यांची साखर चढलीच नाही. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मी या रेणूला अशुद्धी म्हणालो होतो. आता यालाच मुख्य माल म्हणायचं." ताईंनी आणि मी एकमेकींना मिठी मारून लहान पोरींसारख्या उड्या मारल्या. संध्याकाळी सरांनी सगळ्यांना भरीत-पुरी खाऊ घातली.

त्यानंतरच्या रविवारी मी गाडीने दोंडाईच्याला उतरून गावी गेले. आबांना, म्हणजे वडिलांना, सगळं समजावून सांगितलं. त्यांना स्वतःलाच मधुमेह आहे.

"पोटले इतली अक्कल शे?" ते अहिराणीत म्हणाले. "मंग हाई औषध माले कव्हय भेटी?"

"वर्षं लागतील, आबा. अजून माणसांवरच्या चाचण्या व्हायच्यात. पण सगळ्यात अवघड दार उघडलंय."

 आबा काठी घेऊन उठले, ओट्यावर गेले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सगळ्यांना हाक देत ओरडले, "आयका रे बठ्ठा! मनी पोरनी औषध शोधं!"

मी त्यांना दुरुस्त केलं नाही.