आगाशेकाकांचा कान
शनिवार पेठेतल्या एका बोळात रंगनाथ आगाशे यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. दारावर पाटी: ‘आवाज आम्हांस ऐकू आला तरच दुरुस्ती होईल. वाद घालू नये.’ लोक थांबून फोटो काढत. काकांना ते आवडायचं, पण चेहऱ्यावर दाखवतील तर शपथ! नाटकवाल्यांचे माइक, गायकांचे स्पीकर, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. आधी कान, मग मीटर, असा त्यांचा खाक्या. दुकान चालायचं ते या कानाच्या नावावर.

उत्कर्षा पोकळे पुण्याच्या वेशीवरच्या धायरीहून आली ती दोन स्पीकर रिक्षात शेजारी घेऊन. ती घरच्या खोलीत पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, लोक ती मोबाइलवर ऐकतात. तिचे स्पीकर स्टुडिओतले, अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या पोटातच.

“काका, काही वाजत नसतानाही बारीक सुंऽऽ असा आवाज येतो. डोकं उठतं अगदी.”

काकांनी शटर ओढलं, पंखा बंद केला, कॉम्प्युटरकडून येणारी वायर काढून नुसता स्पीकर चालू केला आणि कान लावला. पद्धत बिनचूक होती, हो! वायर काढूनही आवाज राहिला तर दोष स्पीकरच्या पेटीत, गेला तर दोष बाहेर. काकांना आवाज आला नाही.

“येतोय की, काका,” उत्कर्षा म्हणाली.

“पाटी वाचता येते ना आपल्याला? स्पीकर ठणठणीत आहे. दोष तुमच्या घरच्या अर्थिंगमध्ये. धायरीला अर्थिंग म्हणजे काय, गोठ्यातल्या खुंट्याला वायर गुंडाळली असणार!”

पोरगी लालबुंद झाली, पण एवढा जाणता माणूस सांगतोय म्हणून स्पीकर उचलून घरी गेली. तिच्या वडिलांनी, मच्छिंद्र पोकळ्यांनी, लगेच अर्थिंगसाठी घरामागे खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली, वर मीठ-कोळसा घातला. आवाज जिथल्या तिथे. उत्कर्षानं फोन केला तसे काका भडकले. “मी स्वतः येतो. एकदाचा सोक्षमोक्ष लावू!”

मच्छिंद्ररावांनी त्यांना आधी कौतुकानं खड्डाच दाखवला. कडेला फळाला आलेलं लिंबाचं झाड उपटून टाकलेलं होतं.

“त्ये मधी येत व्हतं,” ते म्हणाले. “तुमी सांगितलं म्हनल्यावर काढलं.”

काका झाडाला वळसा घालून आत गेले. खोलीत उत्कर्षानं स्पीकरची कॉम्प्युटरकडची वायर काढली, नुसता विजेचा प्लग ठेवला.

“ह्ये बगा की,” मच्छिंद्रराव दारातूनच म्हणाले, “साप फुसकारल्यावानी. हितनं ऐकू येतंय.”

काकांनी डोळे मिटून कान टेकवला. श्वास रोखला. काही नाही. त्यांना एकदम घरचं घड्याळ आठवलं. मध्यंतरी हेमाताई, त्यांची बायको, म्हणाली होती, “अहो, तुमचं घड्याळ केव्हाचं पिकपिक करतंय, बंद करा की!” तेव्हा त्यांना पिकपिक ऐकूच आली नाही, म्हणून सेल उतरला समजून त्यांनी तो बदलला होता. नवा सेल घालूनही घड्याळ मुकंच राहिलं, तर ते फडताळात टाकून मोकळे झाले होते.

“थांबा हं, दुसऱ्या सॉकेटमध्ये लावते,” म्हणत उत्कर्षा टेबलामागे वाकली. क्षणभरानं तिनं सहज विचारलं, “काका, आता?”

“हो, आता आला,” डोळे न उघडता काका म्हणाले. “अगदी स्पष्ट.”

मच्छिंद्रराव घाईघाईनं म्हणाले, “व्हय व्हय! मला बी आला. चांगला मोठा आला.”

काकांनी डोळे उघडले. प्लग उत्कर्षाच्या हातातच होता. स्पीकरचा दिवा विझलेला. पोरगी मान खाली घालून उभी होती.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण ज्याच्या घराला गोठा म्हणालो, तो माणूस आपली अब्रू राखायला स्वतःच्या मुलीसमोर धडधडीत खोटं बोलला! त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पोकळे, स्पीकर बंद आहे,” काका म्हणाले. “मला काहीही ऐकू आलं नाही. आत्ता नाही, मघाशी नाही, दुकानातही नाही. दोष पेटीतच आहे. तुमचं झाड मी फुकट उपटायला लावलं.”

“आवो, वयामानानं व्हतंय, सायेब. त्यात काय येवढं! चहा घ्या.”

चहा आला. काकांनी कप हातात घेतला. दुकानातून ‘काही दोष नाही’ म्हणून घालवलेली माणसं त्यांना एकेक आठवायला लागली. गेल्या दिवाळीत ज्ञानदेव नावाचा एक तबलजी हीच तक्रार घेऊन आला होता. चारचौघांत काका त्याला म्हणाले होते, “स्पीकर राहू द्या, आधी कान तपासून घ्या.” सगळे हसले होते. महिन्याभरानं तो पुन्हा आला, सांगायला, की कान तपासून घेतला, डॉक्टर म्हणाले काही दोष नाही, तरी काका म्हणतात म्हणजे आपलं काहीतरी बिघडलंय खरं, म्हणून स्पीकर मिळेल त्या किमतीला विकून टाकले.

जाताना तो काकांच्या पाया पडला होता.