तारीख न सांगणारा आकडा

रिपोर्ट आला आणि आमच्या नानाखेड्याच्या घरात सगळे माझ्याशी फार गोड बोलायला लागले. तेव्हाच ओळखलं, आकडा वाईट आहे.

मल्टिपल मायलोमा, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, हे निदान आधीच झालं होतं. आता नवं प्रकरण होतं बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन नावाच्या प्रथिनाचं. आपल्या पेशी अंगावर एक खूण मिरवतात, शरीराच्या पहारेकऱ्यांना ‘मी घरचीच’ असं सांगायला. त्या खुणेचाच हा एक तुकडा. रोग फोफावला की तो रक्तात जास्त सांडतो. माझ्या रक्तात चांगलाच सांडला होता.

माधव नगरहून धाकटी जाऊ बासुंदीचा डबा घेऊन आली. “ताई, जे मन करेल ते खाऊन घ्या हो.”

“का गं? उद्यापासून दुकान बंद होणार आहे का?”

ती रडायलाच लागली. अंगावर माझी जांभळी महेश्वरी.

ती साडी तिच्याकडे कशी गेली, तेही सांगून टाकते. तरुणपणी एका ज्योतिष्याने माझा हात पाहून बेचाळिसावं वर्ष कठीण आहे म्हणून सांगितलं. कठीण, एवढंच म्हणाला बिचारा. मरण मी पदरचं घातलं. त्या वर्षी या शहाण्या बाईने चांगल्या साड्या वाटून टाकल्या, नवऱ्याला कुकर लावायला शिकवलं आणि हार घातलेल्या फोटोत शोभेल असा चेहरा आरशासमोर उभं राहून बसवला. वर्ष संपलं, साधा खोकलासुद्धा झाला नाही. नवरा मात्र पुढे जन्मभर कुकर लावत राहिला, हा फायदा. साड्या परत मागायची लाज वाटली.

म्हणून या वेळी मी ठरवलं, आधी नीट विचारायचं.

इंदूरला डॉक्टरकडे जाताना मुलगा गाडीतच म्हणाला, “आई, आपण हलका कोर्स घेऊ. दोनच औषधं. उगाच त्रास कशाला? आता आकडाच असा आलाय...”

“असा म्हणजे कसा?”

त्याने हॉर्न वाजवला. समोर रस्ता मोकळा होता.

डॉक्टरीण त्याच्याहूनही लहान. तिच्यापुढे त्याने हात जोडले. “मैडम, इनकी उम्र देखिए. जितना टाइम है, आराम से निकल जाए.”

“टाइम किसने बताया?” मी मध्येच बोलले. “मुझे तो किसी ने नहीं बताया.”

ती हसली. “माताजी, तारीख इसमें लिखी ही नहीं है. ये नंबर बीमारी की चाल बताता है.”

मग तिने बैजवार समजावलं. हा आकडा पुष्कळ रुग्णांच्या अनुभवातून बोलतो, एकट्या माझ्याबद्दल शपथ घेत नाही. मूत्रपिंडं थकली तरी तो वाढतो, म्हणून तिने तीही तपासून घेतली होती. माझी ठणठणीत निघाली. म्हणजे आकडा रोगानेच चढला होता, रोग रेंगाळणारा नव्हता, आणि अशा रोगाला जमलं तर तीन औषधं एकत्र देणंच बरं. पण मला ती झेपतील का, हे आकडा नाही, माझं शरीर सांगणार होतं.

तिने मला हात न टेकता खुर्चीतून उठायला लावलं. उठले. दारापर्यंत चालायला लावलं. चालले. पाठ ठणकत होती, तेही सांगितलं. घरी स्वयंपाक कोण करतं, तिने विचारलं.

“मीच! सुनेची पोळी अजून कच्ची राहते,” मी मराठीतच सांगितलं. कळलं तिला.

“तिन्ही द्या,” मी म्हटलं.

मुलाने माझा हात धरला. “आई, सहन नाही झालं तर?”

इतके दिवस मला वाटत होतं, याने माझी आशा सोडली. आशा कसली सोडतोय! मला कण्हताना बघायला लागेल, याचीच त्याला धास्ती होती.

“तर औषध कमी करतील. तेव्हा खुशाल रड, मी अडवणार नाही. पण आगाऊ नको रडू रे.”

“दवा बाद में घटा सकते हैं,” डॉक्टरीण म्हणाली. “सोमवार से शुरू करें?”

मुलगा डोळे पुसत माझ्याकडे वळला.

“सोमवारी महाकालची सवारी आहे, आई. परत येताना पालखीमुळे रस्ते बंद मिळतील. आपण सकाळी लवकरच निघू.”