जलजाक्षीअक्कांच्या तीन ओळी

हासनच्या छोट्या रक्तपेढीचा फ्रिज सत्तावीस वर्षं जलजाक्षीअक्कांच्या ताब्यात आहे. सकाळी देवीला हात जोडायचे, मग पिशव्या मोजायच्या, मग इडली. क्रम चुकत नाही.

त्या दिवशी इडली तोंडात असतानाच सकलेशपूरहून डॉक्टर वीणांचा फोन आला.

"अक्का, बाळंतीण आहे, रक्त थांबत नाही. बी निगेटिव्ह हवंय, आणि आमचं एआय म्हणतंय कुठेच नाही!"

"कुठेच म्हणजे? माझ्या फ्रिजात दोन पिशव्या काय शोभेला ठेवल्यात?"

पिशव्या बर्फाच्या पेटीत घालून जीप सुटली. "कॉफीला थांबलास तर बघ," अक्कांनी ड्रायव्हरला बजावलं आणि बंगळूरुला रक्तपेढ्यांच्या संघाची यादी सांभाळणाऱ्या नागभूषणला फोन लावला.

संघात बावीस रक्तपेढ्या, बावीस तऱ्हांचे कॉम्प्युटर. म्हणून संघाने सगळ्यांना एकच खुली पद्धत नेमून दिली होती. साठ्याची माहिती ज्याच्या त्याच्याकडेच राहील, पण कुठल्याही इस्पितळाच्या एआयने विचारलं की सगळे एकाच रीतीने उत्तर देतील. विचारायचं कोणाला, हे एआय ठरवणार, प्रत्येकाने स्वतःबद्दल लिहिलेल्या तीन ओळी वाचून. संघाचीही सगळ्या पेढ्यांची मिळून एक यादी होती, आणि तिच्याही तीन ओळी.

"तुमच्या ओळी वाचा बरं," अक्का म्हणाल्या.

नागभूषणने घसा साफ केला. "संपूर्ण, अचूक, ताजा साठा. सर्व पेढ्यांची माहिती. आधी इथेच विचारा."

"आणि यादी भरता कधी?"

"दर... सोमवारी."

"आज शनिवार. माझ्या पिशव्या गुरुवारी आल्या. आमची हासनांबा देवी तरी सांगून-सवरून वर्षातून एकदा देवळाचं दार उघडते!"

"मॅडम, मशीनने तुम्हालाही विचारायला हवं होतं."

"मशीन बिचारं भोळं. लग्नाच्या बायोडेटावर विश्वास ठेवावा तसा तुमच्यावर ठेवला त्याने."

अक्कांच्या स्वतःच्या ओळीही काही धड नव्हत्या. संकोचाने लिहिलं होतं, 'लहान पेढी आहे. जमेल तेवढी सेवा करतो. चूकभूल माफ असावी.' अशा माणसाला कोण विचारणार?

दोघांनी तिथल्या तिथे ओळी बदलल्या. नागभूषणने लिहिलं, 'सोमवारची यादी. आजचं त्या त्या पेढीला विचारा.' जड गेलं त्याला. अक्कांनी लिहिलं, 'हासन. आज सकाळी हाताने मोजलेला साठा. पिशवी निघाली की लगेच वजा.'

आणि दोन पिशव्या वजा केल्या.

दुपारी वीणांचा फोन आला. "चढवलं, अक्का. शुद्धीवर आलीय. मुलगी झालीय."

अक्कांनी देवीला दुसऱ्यांदा हात जोडले. मग गार इडली संपवली.