देगलूरचं नितळ पाणी

लातूरहून देगलूरची एसटी सुटली तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश होतो. आयुष्यभर क्लासच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवलं, पण त्याचा कुणाला खरा उपयोग झाला तो निवृत्तीनंतर. देगलूरच्या सुनंदाबाई एका रंगाऱ्याकडचं नवं रंगवलेलं सुती कापड धुऊन देतात. ते लाल-निळं पाणी सरळ ओढ्यात जायचं. गेल्या वर्षी मी त्यांच्या परसात वाळू आणि कोळशाचं गाळणं बांधून दिलं. गाळलेलं पाणी वाया घालवू नका, भाजीला द्या, असंही मीच बजावलं. आता ते पाहायला निघालो होतो.

उदगीरला शेजारी बसलेल्या आजोबांनी भाजक्या शेंगा पुढे केल्या.

"कुनीकडं?"

"देगलूरला. पाणी बघायला."

"पानी बघायला येवढ्या लांब?" ते हसले. मीही हसलो. बाहेर तूर फुलली होती. कंडक्टरने एका बाईशी मराठीत काढलेलं भांडण तेलुगूत संपवलं, तेव्हा देगलूर आलंच होतं.

सुनंदाबाईंनी थेट गाळण्यापाशी नेलं. टाकीत तळ दिसेल इतकं नितळ पाणी. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"ह्येच काम करनाऱ्या शेजारच्या दोन घरांनीबी बांधून घेतलं, सर. तुमचंच बगून."

मग चहा आला. पहिल्याच घोटाला माझं तोंड वाकडं झालं.

"बाई, साखरेऐवजी मीठ पडलं वाटतं!"

त्या हसल्या नाहीत. "मीठ न्हाई, सर. हिरीचं (विहिरीचं) पानीच आसं होऊन राहिलंय. प्यायचं लांबून आनतो, ते आज सरलं."

मी उठून वाफ्यात गेलो. मेथी करपली होती. मातीवर पांढरी पापडी धरली होती. बोटाने उचलून जिभेवर ठेवली. खारट. सुती कापडावर रंग चढावा म्हणून रंगारी रंगाच्या पाण्यात भरपूर मीठ घालतात, आणि कापड धुताना ते सगळं पाण्यात उतरतं. कोळसा रंग धरतो, मीठ धरत नाही; ते वाफ्यातून विहिरीत झिरपलं होतं. फळ्यावर असलं कितीदा लिहिलं असेल, आणि गाळणं बांधताना एकदाही आठवलं नाही! स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सुनंदाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग आता हे पानी कुठं टाकू, सर? पुन्ना वढ्यात?"

गाळणं बंद करा, एवढंच त्या दोन घरांना सांगून स्टँड गाठला.

परतीच्या गाडीत कुणाशी बोलावंसं वाटेना. रंगीत होतं तोवर त्या पाण्याला कुणी हात लावत नव्हतं. मी ते नितळ केलं, म्हणून त्यांनी ते विश्वासाने आपल्या मातीत जिरवलं.