धुकेमास्तरांची कादंबरी

आमचे इंग्रजीचे मास्तर शब्दाचा अर्थ सांगत नसत, दाखवत. मॅट्रिकला एक जाडजूड विलायती कादंबरी होती. तिच्यात धुकं आलं, तसे ते उठले आणि त्यांनी वर्गाच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. श्रावणातलं लोणावळ्याचं धुकं ते! बघता बघता फळा दिसेना, मास्तरही दिसेनात. नुसता आवाज आला, "कळला शब्द? आता पुढचा." तेव्हापासून ते धुकेमास्तर. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

गृहपाठही जगावेगळा. शिकलेला भाग घरी मराठीत सांगायचा. "घरच्यांना कळला नाही, तर तुम्हालाही कळलेला नाही," म्हणायचे. आई गेल्यावर मला इंदुरी गावाहून मामाकडे आणलं होतं. मामा रेल्वेत कामाला, त्यामुळे संध्याकाळी ऐकायला एकटी मामी. ती तांदूळ निवडायची, मी सांगायचे.

पंचाईत अशी, की गोष्ट होती नातेवाइकांकडे वाढणाऱ्या एका पोरक्या मुलीची, आणि तिची काकू महाखाष्ट. हे मामीला कोणत्या तोंडानं सांगू? मास्तरांना विचारलं, तर म्हणाले, "आहे तसं सांग. मामींना कमी समजू नकोस."

सांगितलं. मामीचे हात थांबले. मग सुपातला एक खडा वेचून टाकत म्हणाली, "ती बाई वाईट न्हाई गं. दुसऱ्याचं प्वार पदरात पडलं की भ्या वाटतं. आपल्याच्यानं निभंल का न्हाई, असं."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वर्गाला विचारलं, "काकू अशी का वागते?" मी मामीचं उत्तर सांगितलं, तिच्या नावानिशी. मास्तरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "मामींना माझा नमस्कार सांग." पुढचे कितीतरी दिवस मामी त्या नमस्काराच्या तोऱ्यात होती.

दिवाळीनंतर मामानं सोमाटण्याचं स्थळ आणलं. शाळा बंद, माघात लग्न. मी रडून डोळे सुजवून घेतले. मामी भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, त्या गोष्टीतल्या पोरीचं अजून काय बी ठरलं न्हाई. पुस्तक तर सपू द्या." बायकोचं डोकं फिरलं, असंच मामाला वाटलं. पण मामीनं स्थळाला परस्पर नकार कळवला. मामा चार दिवस फुगून बसला, मग आपोआप बोलायला लागला.

परीक्षा तोंडावर आली आणि मास्तरांचे वडील अंथरुणाला खिळले. नोकरी सोडून ते गावी निघाले. शेवटची प्रकरणं राहिलीच. मामी लाडूंचा डबा घेऊन स्टेशनवर आली. "मास्तर, पोरीचं शेवटी काय हुतं, तेवढं सांगून जावा."

मास्तर खिडकीतून हसले. "ते तुमची भाची वाचून सांगेल. तिला आता माझी गरज नाही."

मला भयंकर राग आला. आज त्याच वाक्यासाठी त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

उरलेली पानं मी एकटीनं, अडखळत वाचली. शेवटचा भाग सांगितला, तेव्हा मामीनं पदरानं डोळे टिपले आणि सूप खाली ठेवलं.

"तिचं झालं ब्येस. आता तुजं सांग."

"मास्तरीण होईन म्हणते, मामी."

"मग हो की," ती म्हणाली. "मामाचं मी बगते."