परातीचा कौल

नवी नवरी असताना मी स्वतःला गाण्यातली मोठी जाणकार समजायची. माहेरी कुणाकडं तरी दोनदा फोनो ऐकला होता, तेवढ्या भांडवलावर! निजामाची राजवट होती, सासरे धाराशिवात वकील. एका सकाळी त्यांचे हैदराबादचे दोस्त दोन विलायती तबकड्या घेऊन आले.

"वकीलसाब, चीज एकच. हिच्यात एकटा माणूस फिडल वाजवतो, तिच्यात तेच अख्खा ताफा वाजवतो. एक तुम्ही ठेवा, दुसरी मी लातूरला मेहुण्यांकडं नेतो."

बैठकीत सुनांना मज्जाव. मी स्वयंपाकघराच्या दाराआड. सासऱ्यांच्या चावीच्या फोनोवर एकट्याची लागली आणि माझे पिठाचे हात तसेच राहिले. माणूस स्वतःशीच भांडत होता, स्वतःचीच समजूत काढत होता. मग ताफ्याची लागली. सूर तेच, पण त्याच्या बोलण्यात सगळं गाव तोंड घालत होतं.

मला एकटाच हवा होता. पण सासऱ्यांपुढं बोलायची सोय कुठं होती? सासऱ्यांनी दोन्ही पुन्हा लावल्या, तेव्हा मी अक्कल चालवली. एकटा वाजताना स्वयंपाकघर चिडीचूप. ताफा सुरू झाला, की परात आपट, तांब्या लवंड, मुसळ पाड. म्हणजे ती तबकडी त्यांना नकोशी होईल. केवढी मी हुशार!

सासरे खूश! "वाहवा! भांडी बडवली तरी हिचं काही बिघडत नाही. आमच्या घरात हीच टिकेल. ती एकट्याची न्या लातूरला."

दोस्त तबकडी कागदात गुंडाळायला लागले. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मामंजी, ती नका देऊ! एकट्याचीच राहू द्या!"

सासूबाईंनी दंडाला असा चिमटा काढला, की डोळ्यांत पाणी. सासरे त्यांनाच म्हणाले, "सूनबाईंना विचारा, मग परात कशापायी बडवली?"

मी परात हळूच पदराआड सरकवली.

"बरं, राहील ती. पण ती वाजतीय तोवर चुलीपाशी चमचासुद्धा वाजता कामा नये."

आणि बसले की चावी देऊन देऊन तीच लावत! भाकरी थापायची तर थपथप होणार. पीठ मळून मी गप्प. उन्हं कलली. पाहुण्यांच्या जांभया आतपर्यंत ऐकू यायला लागल्या. भुकेजलेल्या सासूबाई माझ्या कानाशी फिस्कारल्या, "आता काय फिडल खायचं का गं?"

मी मान डोलावली. सूरच तसा लागला होता.